पाय जमिनीवर होता

निपाणीचा माणूस बेळगावात भेटला की मी त्याच्याशी चार शब्द जास्त बोलतो. तंबाखूचे कसे काय, पाऊस झाला काय, अशी चौकशी करतो आणि जमल्यास चहा पाजतो. घरची मंडळी हसतात. म्हणतात, "निपाणीकरांचं काही देणं लागता काय हो तुम्ही?" मी हसण्यावारी नेतो. पण देणे आहे खरे. एक बास्केट आणि एक फ्री-थ्रो, एवढे ते देणे. खेळाबाहेरच्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. मी मात्र ती जवळजवळ चाळीस वर्षे डोक्यावर वागवली आहे.

मी शाळेतला पी.टी. मास्तर. जन्माने हुतूतूवाला. आमच्या गल्लीत चुन्याची रेघ मारली की मैदान तयार व्हायचे आणि पंच म्हणून कुणीतरी म्हातारा पायरीवर बसायचा. तो डोळे मिटून बसला तरी चालायचे, कारण हुतूतूचा पंच कानाने पंचगिरी करतो. दम एका श्वासात, अखंड चालला पाहिजे. मध्ये तुटला की गडी बाद. तुटला की नाही, हे आमच्या म्हाताऱ्याच्या कानाला बरोबर कळे आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

बास्केटबॉलशी गाठ पडली ती ट्रेनिंग कॉलेजात. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना गुंतवून ठेवण्यासाठी हा खेळ काढला आणि सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या, ही गोष्ट पहिल्याच तासाला ऐकली. पुढे वाय.एम.सी.ए.च्या मंडळींनी तो जगभर नेला. १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले आणि त्या परंपरेतून तयार झालेल्या शिक्षकांनी आपल्याकडच्या शाळांच्या अंगणांत खांब रोवले. हा खेळ पी.टी. मास्तरांनी वाढवला, म्हणून मला त्याचा आपलेपणा. खेळाडू म्हणून मी बेताचाच होतो. उंची कमी. मग शिट्टी गळ्यात घातली.

आता थोडा नियम सांगतो, त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. एखादा खेळाडू बास्केटकडे चेंडू टाकत असताना प्रतिस्पर्ध्याने त्याला ढकलले किंवा हातावर मारले, तर तो फाउल. तरीही चेंडू आत पडला, तर बास्केट धरायची आणि वर एक फ्री-थ्रो द्यायचा. आत पडला नाही, तर दोन फ्री-थ्रो. पण फाउल शॉट सुरू होण्याअगोदरचा असेल, तर नंतर पडलेली बास्केट बाद. संघाच्या फाउलांची मर्यादा भरली नसेल, तर बाजूने चेंडू आत टाकायचा, एवढीच भरपाई. म्हणजे सगळा निकाल 'अगोदर' या एका शब्दावर लटकलेला. आणि धावत्या पोराचा शॉट नेमका सुरू कधी झाला, हे ठरवायचे पंचाने, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

आमचे वरिष्ठ पंच यावर एक सोपा मंत्र देत. पाय जमिनीवर असेल तर शॉट नाही, हवेत असेल तर शॉट. मंत्र सोपा असला की तो लवकर पाठ होतो. शिवाय पंचाची नजर मुळातच पायांवर असते. चेंडू धरून किती पावले टाकली, 'स्टेप्स' झाल्या की नाही, हे त्याला सारखे पाहावे लागते. पाहायची सवय पायांची, म्हणून निकालही पायांवरून. मी पाच-सहा वर्षे याच मंत्रावर शिट्टी वाजवली आणि कुणी हरकत घेतली नाही.

१९८६ साल. निपाणीला शाळांच्या निमंत्रित स्पर्धा होत्या. अंतिम सामना यजमान निपाणीच्या शाळेचा आणि बेळगावच्या एका शाळेचा. पंच म्हणून आम्ही दोघे बेळगावहून गेलो होतो. एस.टी. तवंदीचा घाट उतरली की त्या दिवसांत नाकाला निपाणी कळत असे. वखारींतून तंबाखूचा खकाणा उडायचा आणि नवख्याला शिंका सुरू व्हायच्या. मातीचे मैदान, चुन्याच्या रेघा, लाकडी फळ्या. सामना संध्याकाळी होता, त्यामुळे वखारी सुटल्यावर बायामाणसेही येऊन उभी राहिली होती. डोक्यावर फडकी, पदर अजून नाकाशी. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. एकत्र उभे राहायची सवय त्या गावाला लागलेली होती. माणसे ओरडत तीही एका आवाजात.

निपाणीच्या संघात एक पोरगा होता. सात नंबर. त्या काळी बनियनवर चार ते पंधरा असेच नंबर असत. एक, दोन, तीन ही बोटे पंचाला गुण आणि इतर इशारे दाखवायला लागत, म्हणून ते आकडे कुणाला देत नसत. सात नंबर काळा, काटक आणि पायात टाचेपाशी फाटलेले कॅनव्हासचे बूट. सामन्यात निपाणीचे निम्म्याहून अधिक गुण त्याचे होते.

शेवटचे काही सेकंद. बेळगाव ४१, निपाणी ४०. सात नंबर उजव्या बाजूने चेंडू टप्पे देत आत घुसला. शेवटचा टप्पा, चेंडू दोन्ही हातांत आला, तो बास्केटकडे झेपावू लागला आणि त्याच क्षणी बेळगावच्या पोराचा हात त्याच्या दंडावर सपकन बसला. मी एंडलाइनवर होतो. माझ्या डोळ्यांनी काय टिपले? त्याचा डावा पाय. तो जमिनीवर होता. मी शिट्टी फुंकली, मूठ वर केली. तोवर तो उडाला होता, चेंडू फळीला लागून आत पडला होता आणि अख्खे निपाणी नाचत होते.

मी दोन्ही हात छातीसमोर कात्रीसारखे फिरवले. बास्केट बाद. फाउल अगोदरचा.

एकदम शांतता झाली आणि मग "बेळगावचा पंच! बेळगावचा पंच!" असा गलका उठला. निपाणीच्या संघाचे पी.टी. शिक्षक माझ्याकडे आले. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, धोतर-कोटातले. आवाज न चढवता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, चेंडू त्याच्या हातात आला होता काय?"

मी म्हणालो, "पाय जमिनीवर होता."

त्यांनी मान हलवली आणि पोरांना बाजूला घेतले. बाजूने चेंडू आत टाकला गेला, कुणाच्या तरी हातून निसटला आणि वेळ संपली. एका गुणाने निपाणी हरले. तक्रार करायची असेल तर कप्तानाने स्कोअरशीटवर ठरावीक जागी लगेच सही करायची असे. ती जागा कोरी राहिली. गुरुजींनी तक्रार करू दिली नसावी. आम्ही शेवटची गाडी पकडून बेळगावला परतलो.

रात्री झोप येईना. गलक्याची मला सवय होती, पण त्या गुरुजींचा प्रश्न डोक्यातून जाईना. मी पायाचे उत्तर दिले होते आणि त्यांनी विचारले होते हाताचे. उठून पेटीतून नियमांची चक्रमुद्रित प्रत काढली. इंग्रजीतली. बेळगावच्या पंचांत ती हातोहात फिरे, पण नीट वाचायची तसदी आम्ही थोडीच घेत होतो! शॉटचे कलम काढून कंदिलाशी धरले, वीज गेली होती. चेंडू टाकण्याचा प्रयत्न पंचाच्या मते सुरू झाला असला की खेळाडू शॉटमध्ये आहे, आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत तो शॉटमध्येच राहतो, असा त्याचा अर्थ. तीनदा वाचले. पायांचा उल्लेख कुठेही नव्हता.

खेळाडू कुठल्या क्षणी काय करत होता, हे चुकीचे दिसणे निराळे. ती डोळ्याची चूक. माणूस आहे, चुकायचाच, आणि तिच्यावर तक्रारही चालत नाही. पण मला दिसले होते ते बरोबर होते. चेंडू हातात होता, झेप सुरू झाली होती, हे मी पाहिले होते. लावला होता तो नियमच अस्तित्वात नव्हता. निपाणी ४२, बेळगाव ४१ आणि वर एक फ्री-थ्रो, हा खरा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहावे असे मनात आले. लिहिले नाही. निकाल बदलणार नाही, चषक दिला गेला, उगाच गावागावांत वितुष्ट येईल, आपल्यालाही पुढे सामने मिळणार नाहीत, अशी कारणे एकामागून एक सुचत गेली. कारणे सुचायला लागली की समजावे, आपण काही करणार नाही आहोत. आठवडा गेला, वर्ष गेले. ते गुरुजी पुढे वारल्याचे कळले. आता तर सांगायलाही कुणी उरले नाही, असे म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, हेही इथे लिहून ठेवतो.

एक मात्र केले. तो मंत्र सोडला आणि नवीन पंचांना शिकवायची वेळ आली तेव्हा तो कुणाच्या तोंडी राहू दिला नाही. त्यांना मी सांगत असे, की पहिला प्रश्न धक्का कधी लागला हा. शिट्टी कधी वाजली, हा नव्हे. डोळ्याला दिसते, डोक्यात शिरते, छातीत श्वास भरतो आणि मग शिट्टी वाजते. तेवढ्यात चेंडू हातभर पुढे गेलेला असतो. म्हणून धक्क्याच्या क्षणाचे चित्र मनात फोटोसारखे धरून ठेवायचे आणि निकाल त्या फोटोवर द्यायचा. दुसरा प्रश्न, त्या फोटोत चेंडू कुठे आहे? टप्पा चालू आहे, की तो हातात येऊन स्थिरावला आहे? टप्पा चालू असताना कमरेला धक्का बसला आणि त्यानंतर पोराने चेंडू उचलून सुंदर बास्केट केली, तर टाळ्या वाजवा, पण बास्केट देऊ नका. तिसरा प्रश्न, चेंडू हातात आल्यावर टाकण्याची हालचाल सुरू झाली आहे काय? नुसता हातात धरून इकडेतिकडे बघत उभा असेल तर शॉट नाही. तो उचलत वर निघाला असेल, तर पाय कुठेही असोत, शॉट आहे.

यातही फाटे आहेत. शॉट चालू असताना शिट्टी वाजली तरी चेंडू मेला असे होत नाही. ती हालचाल पुरी करायचा खेळाडूला हक्क आहे. पण शिट्टीने थांबून त्याने पुन्हा नव्याने प्रयत्न केला, तर ती हालचाल दुसरी. ती धरायची नाही. हुतूतूत दम तुटल्यावर पुन्हा भरलेला दम मोजत नाहीत, तसेच हे. धक्का लागल्यावर शॉट सोडून त्याने सोबत्याला पास दिला, तर आजच्या नियमाने तो शॉटमध्ये होता असे धरत नाहीत. उलट, हातच धरून ठेवल्यामुळे चेंडू सुटलाच नाही, तरी तो शॉटमध्ये असू शकतो. सुरुवात करू दिली आणि शेवट होऊ दिला नाही, हाच तर गुन्हा.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि मायकेल जॉर्डन घरोघर उड्या मारू लागला. अमेरिकेतल्या त्या व्यावसायिक सामन्यांत पंच याबाबतीत फार उदार. पोरे ते पाहून मैदानावर येत आणि कुठेही धक्का लागला की चेंडू रिंगकडे भिरकावून माझ्याकडे हात पसरत. मी म्हणायचो, "बाळा, धक्का लागल्यावर तुला शॉट आठवला." पुढे २०१७ साली आंतरराष्ट्रीय नियमांत पावले मोजण्याची रीत बदलली. धावता धावता चेंडू हातात घेताना जमिनीवर असलेले पाऊल आता मोजत नाहीत. धावत्या शॉटची सुरुवातही अलीकडच्या पुस्तकांत स्पष्ट केली आहे. टप्पा संपून किंवा हवेत झेलून चेंडू हातात स्थिरावला आणि टाकण्याची हालचाल सुरू झाली, की शॉट सुरू. पावलांच्या संख्येचा त्याच्याशी संबंध नाही. ते वाचले तेव्हा मी निवृत्त झालो होतो. धोतर-कोटातल्या त्या गुरुजींनी १९८६ साली एका वाक्यात विचारले होते, ते हेच.

गेल्या हिवाळ्यात निपाणीला एका लग्नाला गेलो. जेवणानंतर पाय मोकळे करायला म्हणून अर्जुननगरकडे निघालो. तिथले देवचंद कॉलेज निपाणीला खेटून आहे, पण जमीन कागल तालुक्यातली. चालता चालता कुठल्या पावलाला कर्नाटक संपून महाराष्ट्र लागला, ते सांगता येत नाही. वाटेत एका गॅरेजपुढे टेम्पोखालून एक माणूस बाहेर आला, हात पुसत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, तुमी बेळगावचं पंच न्हवं? मला वळखला न्हाईसा. सात नंबर."

पन्नाशी उलटलेली, केस पांढरे. पण खांदे तेच. मी त्याचा हात धरला आणि प्रस्तावना न करता सांगून टाकले, "तुझी बास्केट धरायला पाहिजे होती. नियम मला ठाऊक नव्हता. त्याच रात्री कळलं, पण मी कुणाला बोललो नाही."

तो हसला. "जाऊ द्या वो सर, किती वरसं झाली! त्या म्याचमुळं काय माझं अडलं न्हाई. धावीनंतर गॅरेज धरलं, चांगलं चाललंय." थोडे थांबून म्हणाला, "पर हे आमच्या आईला सांगा. त्या दिशी ती वखारीतनं मुकादमाला सांगून लवकर आल्ती. अर्धा दिवस कापला तिचा. घरी जाताना सारखी इचारत हुती, बॉल आत पडला न्हवं, मग न्हाई का म्हनला? मला काय सांगता येईना. अजून कवातरी इचारती."

घर मागेच होते. म्हातारी उन्हात बसून शेंगा फोडत होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मुलाने ओळख करून दिली. मी समोर बसलो आणि आयुष्यभर पोरांना शिकवलेले ते तीन प्रश्न त्या माउलीला सांगू लागलो. धक्का कधी लागला, चेंडू कुठे होता, हालचाल सुरू झाली होती काय. माझे मराठी मध्येच इंग्रजीत घसरत होते. तिने हात वर करून मला थांबवले.

"म्हंजी असं न्हवं का मास्तर," ती म्हणाली, "पीठ मळताना अजून त्याचं काय बी हुईल. पर गोळा हातात घेऊन थापाय लागलं की ती भाकरीच. तव्यावर पडायची वाट कशाला बघाय पायजे?"

मी गप्प झालो. नियमपुस्तकात परिच्छेद लागले, मला अर्धे आयुष्य लागले, ते तिने परातीत मांडून दाखवले. म्हणालो, "आक्का, अगदी हेच. तुमच्या पोरानं थापायला घेतली होती. मी तव्याकडं बघत बसलो."

ती समाधानाने हसली. मुलाकडे बघून म्हणाली, "बघ, मी म्हनत न्हवतो?" मग पुन्हा शेंगांकडे वळली. दोन शेंगा फोडल्या, टरफले बाजूला सारली आणि मान वर न करता विचारले, "त्याच राती कळलं म्हनता. मग सांगाय का आला न्हाईसा?"

याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आज हे लिहितानाही नाही. तेव्हा सुचलेली सगळी कारणे मला आठवत होती, पण त्यांतले एकही त्या अंगणात तोंडातून बाहेर काढण्याजोगे नव्हते. मी खाली मान घालून बसलो. तिनेही पुन्हा विचारले नाही. सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि मूठभर सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.